थोरल्याचा सदरा : वसमतच्या छोट्या लायनीवरील डिझेलची गोष्ट

आमच्या गावाला गावातला कोणीही माणूस 'बसमत' म्हणत नाही. म्हणते ती फक्त रेल्वे. निजामाच्या काळातल्या गॅझेटिअरात 'बसमत' असे आहे आणि रेल्वेने ते नाव तसेच जपले. पुढे हैदराबाद संस्थान गेले, १९५६मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. 'ब'चा 'व' मात्र स्थानकापर्यंत पोहोचला नाही. रेल्वेतल्या गोष्टी किती सावकाश बदलतात आणि कुठे बसून बदलल्या जातात, याची कल्पना यावी म्हणून हे सांगितले.

गेल्या काही वर्षांत आमच्या लायनीवर विजेचे खांब आले, तारा आल्या. आता डिझेल इंजिन जाणार हे दिसू लागल्यावर माझ्या मनात आले, की ते आले कधी आणि कसे, याची हकिकत तरी कोणी नीट मांडली आहे का? वाफेच्या इंजिनावर प्रेम करणारे पुष्कळ. त्याच्या शिट्टीवर, धुरावर, झुकझुक आवाजावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. डिझेलवर कोणी हळहळत नाही. माझे मामा पूर्णेच्या लोकोशेडमध्ये फायरमन होते. त्यांच्यापुढे डिझेलचे नाव काढले तरी ते विषय बदलत. पण मराठवाड्यातल्या एका फाट्याला देशाच्या नियोजनात कोणती जागा मिळाली, हे समजून घ्यायचे तर वाफेपेक्षा डिझेलकडे पाहावे लागते, असे मला वाटते.

आधी लायनीविषयी. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा हैदराबाद–गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०१पर्यंत पुरा झाला होता. त्याला पूर्णेहून उत्तरेकडे एक फाटा फुटला आणि तो वसमतवरून हिंगोलीला गेला. १९१२मध्ये तो सुरू झाला. लांबी सुमारे पन्नास मैल, म्हणजे आजचे ऐंशी किलोमीटर. हिंगोलीला पूर्वी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती फौज १९०३मध्ये मोडली. म्हणजे गाडी आली तेव्हा पलटण निघून गेलेली होती. राहिला होता कापूस. हिंगोलीची कापसाची पेठ मोठी होती, आणि हा फाटा त्या कापसासाठी होता असे म्हणायला हरकत नाही. माणसे जात-येत, पण गाडीचा हिशेब गाठींवर बसे. रेल्वे त्या वेळी निजामाच्या नावाची असली तरी कारभार लंडनमधल्या कंपनीचा होता. १ एप्रिल १९३०ला निजाम सरकारने ती विकत घेऊन स्वतःच्या ताब्यात आणली.

या फाट्याचे वैशिष्ट्य असे, की तो हिंगोलीला संपत होता. पुढे रूळच नव्हते. जी लायन पुढे कुठे जात नाही तिच्यावर दिवसाला गाड्या किती सोडणार? कापसाच्या हंगामात वाघिणी भरत, एरवी चार डब्यांना एक अख्खे वाफेचे इंजिन, ड्रायव्हर, दोन फायरमन, गार्ड. जगभरच्या फाट्यांचे हेच दुखणे होते. उतारू थोडे, खर्च पुरा.

या दुखण्यावर १९३०च्या आसपास दोन टोकांना दोन उपाय निघाले, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. आयर्लंडच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यात काउंटी डोनेगलची तीन फुटी छोटी रेल्वे होती. गरीब मुलूख, तुरळक वस्ती, रिकाम्या गाड्या. तिचे व्यवस्थापक हेन्री फोर्ब्ज यांनी मोटारबससारखे दिसणारे डबे रुळांवर आणले आणि १९३१च्या सुमारास त्यांत डिझेल यंत्र बसवले. ब्रिटिश बेटांतल्या डिझेल रेलगाडीची सुरुवात या आडगावच्या लायनीवर झाली. एक माणूस चालवी, हात दाखवा तिथे थांबे, आणि वाफ धरण्यासाठी पहाटे तीनला कोणाला उठावे लागत नसे.

दुसरा उपाय आपल्याकडचा. जून १९३२मध्ये निजामाच्या रेल्वेने सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट माणसे घेऊन स्वतःचा रस्ता-वाहतूक विभाग सुरू केला. आंध्र आणि तेलंगणातली आजची सरकारी बससेवा आपला जन्म याच सत्तावीस गाड्यांपासून मोजते. मराठवाड्यातही सरकारी बसची सवय लागली ती या निजामी गाड्यांमुळे; हा कारभार महाराष्ट्राच्या एसटीत नंतर मिसळला. रेल्वेनेच बस चालवायची, म्हणजे दोघांत स्पर्धा नको, असा त्यात शहाणपणाचा विचार होता. हिंदुस्थानात तो तेव्हा नवाही होता. पण परिणाम असा, की जवळच्या प्रवासाचे छोटे, हलके, वारंवार सुटणारे वाहन आपल्याकडे रस्त्यावर गेले आणि रुळांवर उरली ती जड, लांब पल्ल्याची गाडी. डोनेगलने बस रुळावर चढवली, हैदराबादने रस्त्यावर उतरवली. आज वसमतहून नांदेडला रोज जाणारा मुलगा एसटीने नाहीतर जीपने जातो, रेल्वेने पूर्णेचा वळसा घालून जात नाही. त्याचे एक मूळ इतके मागे आहे.

स्वातंत्र्यानंतरचे आकडे पाहिले की चित्र स्वच्छ होते. १९५०–५१मध्ये देशात ८१२० वाफेची इंजिने होती, विजेची ७२ आणि डिझेलची फक्त १७. रुळांपैकी जवळपास पंचवीस हजार किलोमीटर ब्रॉडगेज आणि चोवीस हजार किलोमीटर मीटरगेज. म्हणजे आमची 'छोटी लाईन' तेव्हा देशाच्या निम्म्या रेल्वेची प्रतिनिधी होती. तिला कोणी मागासलेली समजत नव्हते. निजामाची रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वेत विलीन झाली आणि आमचे निर्णय मुंबईला होऊ लागले. २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे निघाल्यावर ते पुन्हा सिकंदराबादला गेले.

वाफेवर लायन चालवणे म्हणजे काय, हे मामांमुळे मला घरात बसून कळले होते. गार इंजिनाला वाफ धरायला चार-सहा तास लागत. म्हणून गाडी सहाची असेल तर शेडमध्ये रात्री एकलाच हालचाल सुरू होई. प्रवासी गाडीला जुंपले जाणारे वायपी जातीचे इंजिन आपल्या टेंडरमध्ये सुमारे तीन हजार गॅलन पाणी आणि नऊ-दहा टन कोळसा घेऊन निघे. तो कोळसा फावड्याने भट्टीत टाकायचा, आणि तोही ओतायचा नाही, पसरायचा. मामांच्या उजव्या दंडाचा गोळा डाव्यापेक्षा मोठा होता. एवढे करून कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतले सहा-सात भाग चाकांपर्यंत पोहोचत, बाकी आकाशात. डिझेल इंजिन शंभरातले पंचवीस-तीस भाग कामाला लावते.

त्यात आमचा मुलूख. कोळसा यायचा सिंगरेणीकडून, म्हणजे संस्थानाच्या अगदी दुसऱ्या टोकाकडून. रेल्वेच्या वाघिणींतला एक मोठा भाग रेल्वेचेच इंधन वाहण्यात गुंते. आणि पाणी? इंजिनाला मऊ पाणी लागते. क्षाराचे पाणी बॉयलरच्या नळ्यांना खडे धरवते. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हते तेव्हाही इंजिनाला ते द्यावेच लागे. सोंडेसारखा वाकलेला तो पाण्याचा उंच नळ आणि त्याखाली बादल्या घेऊन उभ्या बायका हे दृश्य त्या वर्षी मी डोळ्यांनी पाहिले आहे. इंजिन निघाल्यावर सोंडेतून जे निथळत राही, त्यासाठी त्या उभ्या असत.

अशा मुलखात डिझेल सगळ्यांत आधी यायला हवे, असे कोणालाही वाटेल. नियोजनकारांनाही तसे वाटले होते. फक्त त्यांना वाटले ते कच्छच्या बाबतीत. १९५५मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून मीटरगेजसाठी वीस डिझेल इंजिने आली आणि ती गांधीधामला ठेवली गेली. तिथे गोड पाण्याची ओरड होतीच, शिवाय कांडला बंदर नव्याने उभे राहत होते. पाण्याची अडचण आणि मालाची घाई अशी दोन्ही कारणे जिथे एकत्र आली तिथे डिझेल पोहोचले. आमच्याकडे पहिले कारण होते, दुसरे नव्हते.

मालाची घाई इकडेही येईल असे एकदा वाटले होते. उत्तरेकडची मीटरगेज खांडव्याला येऊन थांबत होती आणि दक्षिणेकडची हिंगोलीला. मधे अकोला, वाशीम आणि सातपुडा. उत्तरेतला मीटरगेजचा डबा दक्षिणेत न्यायचा तर तो ब्रॉडगेजच्या वाघिणीवर चढवून न्यावा लागे. ही फट बुजवण्याचे काम स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या रेल्वेकामांपैकी एक, आणि १९६०च्या आसपास ते पुरे झाले. मेळघाटात धूळघाटपाशी चढ इतका, की लायन गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जाते. हिंगोलीला संपणारा आमचा फाटा असा एकदम राजस्थान आणि दक्षिण यांना जोडणारा धागा झाला. अजमेर-जयपूरकडून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या अंगणातून जाऊ लागली. वसमतच्या पोरांनी फेटेवाले मारवाडी उतारू खिडकीत पाहिले ते या गाडीत.

आता इथे डिझेलचा हिशेब सांगायला हवा, कारण नियोजनकारांनी आमच्यावर मुद्दाम अन्याय केला असे मला म्हणायचे नाही. डिझेल इंजिन वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी महाग. महागडी वस्तू घेतली की ती दिवसरात्र राबवावी लागते, तरच पैसे फिटतात. वाफेच्या इंजिनाला विसावा लागतो, राख काढावी लागते, बॉयलर धुवावा लागतो. डिझेल तेल भरले की पुन्हा तयार. त्याचा सगळा फायदा या न थकण्यात आहे. मग ते कुठे लावायचे? जिथे दिवसाला चार-पाचशे किलोमीटर धावेल तिथे. पूर्णा–हिंगोली जाऊन-येऊन होते एकशे साठ. बाकी वेळ ते शेडमध्ये उभे राहणार. शिवाय एकेरी लायन. पुढच्या स्थानकाचा गोळा हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. समोरची गाडी उशिरा असली की चौदाशे अश्वशक्ती चोंढीला नाहीतर बोल्ड्याला मुकाट उभी. इंजिन बदलले म्हणून वेळापत्रक बदलत नाही. त्यासाठी लूप लांबवायचे, सिग्नल बदलायचे, तेलाच्या टाक्या बांधायच्या, वाफेवरचे ड्रायव्हर वर्गात बसवायचे. हे सगळे मुख्य मार्गावर आधी करणे कागदावर शंभर टक्के बरोबर होते.

दुसरी गोष्ट, वाफेची इंजिने आपण तेव्हाही बांधतच होतो. वाराणसीच्या कारखान्यातून पहिले डिझेल इंजिन जानेवारी १९६४मध्ये बाहेर पडले, मीटरगेजचे वायडीएम-४ हे इंजिन तिथे १९६८पासून होऊ लागले. त्याआधी ते अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून येत असे. पण चित्तरंजनने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७०मध्ये बांधले, त्याला 'अंतिम सितारा' असे नाव दिले, आणि त्यानंतरही मीटरगेजची इंजिने १९७२पर्यंत बांधली. चाळीस वर्षे टिकणारी वस्तू १९७२मध्ये बांधली, तर ती कुठेतरी वापरावी लागणारच. मग ठरले असे, की मोठ्या मार्गावर डिझेल आले की तिथली वाफेची इंजिने फाट्यांना द्यायची. त्यात १९७३मध्ये तेलाचे भाव चौपट झाले. घरचा कोळसा स्वस्त, परदेशचे तेल महाग. वाफेला आणखी मुदत मिळाली. १९८०–८१मध्ये देशात डिझेलची २४०३ इंजिने झाली होती, पण वाफेची अजून ७४६९ होती. ती सात हजार ज्यांच्या वाट्याला आली त्यांत आम्ही होतो.

आमच्या घरी पाच भावंडे. थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला. धाकट्यापर्यंत येईतो कॉलर उलटवून शिवलेली असे. धाकट्याला सदरा मिळत नव्हता असे नाही, आणि आईचा हिशेबही चुकीचा नव्हता. फक्त धाकट्याच्या मापाचा सदरा कधी शिवला गेला नाही. रेल्वेचे हे सगळे कागद वाचताना मला तो सदरा आठवत राहतो.

कारण माप वेगळे असू शकत होते. जर्मनीत १९५०पासून फाट्यांवर 'शीनेनबस' म्हणजे रेलबस धावू लागली. दोन आसांची, बसचे यंत्र लावलेली, हलकी. युद्धाने मोडलेल्या त्या देशात पैसा काही उतू जात नव्हता. तरी फाट्यासाठी वेगळे वाहन लागते हे तिथे कोणाला तरी सुचले. मोठे इंजिन कोणत्या मार्गावर आधी, कोणत्या मार्गावर नंतर, एवढाच प्रश्न आपल्याकडे रांगेतल्या नंबराचा झाला. चार डब्यांच्या पॅसेंजरला चौदाशे अश्वशक्तीचे इंजिन लागते का, की दिवसातून सहा वेळा जाणारा दोन डब्यांचा डिझेल डबा बरा, हा प्रश्न आमच्या लायनीपुरता विचारला गेल्याची खूण निदान वेळापत्रकात दिसत नाही. कापसाच्या गाठींसाठी आखलेल्या गाडीच्या वेळा कापूस ट्रकने जाऊ लागल्यावरही तशाच राहिल्या.

आणि खरे सांगायचे तर आम्हीही तो प्रश्न विचारला नाही. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात आणि पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेने जी मागणी लावून धरली ती रुंदीकरणाची. मनमाडला गाडी बदलावी लागते, माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो, म्हणून कारखाने येत नाहीत. मोठी लाईन द्या. ही मागणी रास्त होती, ती लढून मिळवावी लागली, आणि ज्यांनी ती लढवली त्यांचे ऋण मराठवाड्यावर आहे. पण 'मोठी लाईन' या दोन शब्दांत आमची सगळी रेल्वे मावली. मोठ्या लाईनवर वसमतहून पूर्णेला सकाळी किती वाजता गाडी सुटेल, हे कोणत्याच निवेदनात नसे.

१९९२मध्ये जाफर शरीफ रेल्वेमंत्री असताना 'एकच गेज' हे देशाचे धोरण ठरले. त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, २०००पर्यंत वाफ संपवायची असेही ठरले होते. या दोन निर्णयांची गाठ आमच्या लायनीवर पडली. ब्रॉडगेज होत गेली तसतशी मीटरगेजची डिझेल इंजिने मोकळी होऊ लागली. त्यांतली काही पुढे मलेशिया-म्यानमारपर्यंत गेली, बाकीची देशातल्या उरलेल्या छोट्या लायनींवर वाटली गेली. १९९०–९१मध्ये वाफेची २९१५ इंजिने उरली होती. दशक संपता संपता ती नियमित सेवेतून जवळजवळ गेलीच. ज्या मार्गाचे मीटरगेजपण संपले त्याचे इंजिन, ज्याचे अजून संपायचे आहे त्याच्याकडे आले. डिझेल वसमतला आले ते असे.

मूर्तिजापूर–यवतमाळची शकुंतला या बाबतीत भाग्यवान. १९२१मध्ये मँचेस्टरला बांधलेल्या आणि १९२३पासून राबलेल्या तिच्या वाफेच्या इंजिनाने १५ एप्रिल १९९४ला निरोप घेतला आणि डिझेल आले. तारीख सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे वाफ गेली ती हळूहळू. आज डिझेल, उद्या ते नादुरुस्त म्हणून पुन्हा वायपी, परवा परत डिझेल. माझ्या आठवणीत हार नाहीत, नारळ नाही. एका पावसाळ्यात लक्षात आले, की धुराचा वास येऊन बरेच दिवस झाले.

पूर्णेला मात्र ते लक्षात यायला पावसाळ्याची गरज नव्हती. ते गाव शेडवर उभे होते. वाफेच्या इंजिनाला माणसे लागतात: आग पेटवणारा, राख काढणारा, बॉयलर धुणारा, कोळसा भरणारा, नळ्या ठोकणारा. त्यांच्यामागे चहावाला, खानावळवाला, गणवेश शिवणारा शिंपी. डिझेलला यांतले फार थोडे लागतात. बचत होते ती इथेच. नियोजनाच्या कागदावर ही बचत आणि पूर्णेच्या बाजारातली उतरलेली उधारी एकच रक्कम आहे. लोकांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत, रेल्वेत तशा जातही नाहीत. बदल्या झाल्या, लवकर निवृत्त्या झाल्या, पोरांना मात्र तिथे कामे लागली नाहीत. मामांना चाळिशीच्या पुढे डिझेलच्या वर्गाला पाठवले होते. चार दिवसांनी परत आले आणि म्हणाले, त्याच्यात हाताला काम नाही. उरलेली नोकरी त्यांनी पूर्णेच्याच यार्डात हलक्या कामावर काढली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत परभणी–पूर्णा–नांदेड मोठी लाईन झाली आणि पूर्णा–अकोला छोटीच राहिली. ती दहा-बारा वर्षे विचित्र होती. काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी पूर्णेलाच संपू लागली. वसमतचा माणूस जयपूरला गाडी न बदलता जाऊ शके, पण तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या नांदेडला जायला पूर्णेला फलाट बदलावा लागे. १९६०ला देशाला जोडणारा धागा झालेली लायन आता दक्षिणेकडून तुटलेली शेपटी होती. २००३मध्ये नांदेड विभाग झाला, निर्णयाची एक पायरी जवळ आली. २००८मध्ये पूर्णा–अकोला हा सुमारे दोनशे दहा किलोमीटरचा मार्ग ब्रॉडगेज झाला. उत्तरेकडे अकोला–अकोट तुकडा २०१७च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाला; मेळघाटातून वाघांच्या घरातून लायन न्यायची की बाहेरून, या वादात धूळघाटचा तो गोल आता गाडीविना पडला आहे.

मोठी लाईन आली, आनंद झाला. मीही पहिल्या आठवड्यात अकोल्याला उगाच जाऊन आलो. लांबच्या गाड्या वाढल्या. पण सकाळी कॉलेजला, दुपारी दवाखान्याला, संध्याकाळी परत, अशी गाडी म्हणून पाहिले तर वसमतला अजून एसटीच आहे.

आणि मजा अशी, की धाकट्याच्या मापाचा सदरा देशात तोपर्यंत शिवलाही जात होता. डिझेलवर चालणारी, दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेली 'डेमू' गाडी १९९४मध्ये जालंधरला सुरू झाली. इंजिन फिरवायला नको, वेगळे जोडायला नको. मराठवाड्यातच तिचे उदाहरण आहे. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या, १९९५मध्ये मंजूर झालेल्या लायनीचा नगर–आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ला सुरू झाला तो डेमू गाडीनेच. बीडला गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. ती पाहायला बीडला लोटलेली गर्दी मी दूरदर्शनवर पाहिली. डोनेगलनंतर नव्वद वर्षांनी का होईना, छोट्या लायनीला छोटी गाडी मिळाली. आमच्याकडे ती मिळण्याआधी तारा आल्या. विजेवर चालणारी तशीच गाडी, मेमू, असते. पूर्णा–वसमत–हिंगोली ती दिवसातून चार वेळा धावायला आता ना तेलाची अडचण आहे ना पाण्याची. यंत्राचा प्रश्न संपला आहे. वेळापत्रकाचा आहे तिथेच आहे, १९१२पासून.

मधल्या काळात वसमतचे पीकही बदलले. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याने ऊस आला, पूर्णा कारखाना आला, आणि हळद आली. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद रेल्वेने जात नाही. ट्रकने सांगलीला जाते, हिंगोलीला जाते. फाल्गुनात काढणी झाली की ती शिजवावी लागते. पूर्वी काहिलीत, पाण्यात उकळत. आता ट्रॅक्टरमागे जोडलेला बॉयलर शेतात येतो. खाली लाकडे पेटवायची, वाफ धरायची आणि ती नळीने हळदीच्या पिंपांत सोडायची.

निवृत्त झाल्यावर मामा वसमतला येऊन राहिले. शेवटची सात-आठ वर्षे हळदीच्या हंगामात त्यांना शेतकरी मुद्दाम बोलावून नेत. बॉयलरवाल्या पोराला घड्याळाकडे बघून दाब कळे, मामांना आवाजावरून. बांधावर खाट टाकून ते डोळे मिटून बसत आणि मधेच, न उघडता, म्हणत, "अरे, लाकूड एका जागी कोंबू नको. पसर."